हात यंत्रात होता, डोकं नव्हतं

३ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. कारण साधं आहे. डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा उजव्याला आता आळशी होऊन चालणार नाही.

झालेली गोष्ट एकदाच लिहून टाकतो, पुन्हा या विषयावर शाई घालवणार नाही. जानेवारीत सॉमिलमध्ये सोल्यात हात गेला. सोल्या म्हणजे ओंडक्यांची साल सोलणारं यंत्र. खरं नाव जर्मन आहे, कुणाला म्हणता येत नाही. ओंडका आडवा अडकला, मी आकडा घेऊन ढकलायला गेलो, हातमोजा खेचला गेला आणि मोज्यात मी होतो. करंगळी आणि तिची शेजारीण. पलीकडच्या केबिनमधून इल्पोने लाल बटण दाबलं म्हणून बाकीचा तानेली शिल्लक आहे. बास. विषय संपला.

दुपारी मुकादम रेयोचा फोन. म्हणाला, सोल्याच्या केबिनमधली खुर्ची तुझीच आहे, पण नऊ मेपर्यंत एक अख्खी पाळी भरून दाखव. वरचे लोक विचारतायत आणि कायानी गावचा एक पोरगा तयार बसलाय. मी म्हटलं, मे कशाला, येत्या सोमवारीच येतो. तो म्हणाला, हं. रेयोचं ‘हं’ म्हणजे आनंदच असतो.

ती खुर्ची मी कुणाला देणार नाही. नॉर्वेत मासे कापले, लाप्लँडात स्की-लिफ्ट चालवली, एक उन्हाळा टॅलिनच्या बोटीवर भांडी घासली, मधे दोनदा शाळा अर्धवट सोडली. कुठेच दुसरा हिवाळा काढला नाही. इथे तिसरा चालू आहे. केबिनच्या खिडकीतून अख्खं तळं दिसतं. ओंडके येतात, नागडे होऊन पुढे जातात, आणि आपण काही बोलायचं नसतं. असं काम पुन्हा मिळणार नाही.

ठराव: सोमवारी कामावर. तोपर्यंत अ‍ॅकॉर्डियन शिकणे.

५ मार्च, बुधवार

आरोग्य केंद्रात गेलो. नर्स सिनिक्का हाताचे व्यायाम घेते. रबरी चेंडू दाबायचा, सोडायचा. दाबता दाबता तिने तो मऊ आवाज काढला. हल्ली सगळे माझ्याशी बोलताना हा आवाज काढतात, जणू मी झोपलेलं मूल आहे. झोप लागते का? म्हटलं, लागते. मग रात्रभर रेडिओ कशाला चालू असतो? (घरमालकीण रायली. हिच्या पोटात तीळ भिजत नाही.) मी म्हटलं, सामान्य ज्ञानासाठी. देवमाशांबद्दल आता मला जेवढं माहीत आहे तेवढं या जिल्ह्यात कुणाला नसेल.

ती म्हणाली, दर बुधवारी शेवटच्या खोलीत पिल्वी नावाची मानसोपचारवाली बसते. अपघातानंतर लोक जातात, नुसतं बोलायचं असतं. मी म्हटलं, सिनिक्का, हात यंत्रात होता, डोकं नव्हतं. चांगलं वाक्य जमलं. इतक्या जोरात चेंडू दाबला की तो सटकून कपाटाखाली गेला.

निघताना बाकावर इल्पो. तोंडापुढे विणकामाचं मासिक धरून. मी छताकडे बघितलं, त्याने मोज्यांच्या नमुन्याकडे. जानेवारीपासून हा माणूस माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. दुकानात मी दिसलो की चीजच्या कपाटाकडे वळतो. हॉस्पिटलात कुणीच आलं नव्हतं म्हणा. आजारी माणसाला शांतता द्यायची ही आमच्याकडची रीत, आणि ती बरोबरच आहे. पाळीतल्या तिघांनी मिळून कार्ड पाठवलं होतं. त्यात मजकूर नाही, नुसत्या सह्या. पण हे चीजकडे वळणं वेगळं आहे. याचा डोळा माझ्या खुर्चीवर असणार. त्याच्या केबिनमधून तळं दिसत नाही, फक्त सोल्या आणि भिंत.

मीही त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं आहे. आत्तापर्यंत तरी मी जिंकतोय.

८ मार्च, शनिवार

कामावर परतणाऱ्याने केक न्यायचा असतो. स्वतःचा केक स्वतःच. दुसरा कुणी तुमच्यासाठी आणील अशी आशा धरली तर कॉफी कोरडीच प्यावी लागते. रायलीला सांगितलं. पंचाहत्तरीची आहे, पण पूर्वी गावच्या बेकरीत होती, हात अजून चालतो. पिवळ्या रानबेरीचा थर, वर क्रीम.

तिने मिक्सर सुरू केला तेव्हाच मला आठवलं की तळघरातले बटाटे बरेच दिवसांत कुणी बघितलेले नाहीत. जाऊन बघितले. ठीक आहेत. तिने वरून हाक मारली, पोरा, क्रीम झालं, ये आता. म्हटलं, एकाला कोंब आलाय, तो बघत होतो.

अ‍ॅकॉर्डियन: दहा बोटंवाल्या लोकांच्या हातात शोभतं. गाण्याकडे वळावं का?

१० मार्च, सोमवार. सकाळी साडेदहा

घरी आहे. कारण पुढीलप्रमाणे.

पहाटे वेळेवर निघालो. घसरगाडीच्या आसनावर केक, मागून मी पायाने ढकलतोय. बर्फ कडक, आकाश स्वच्छ, मनःस्थिती उत्तम. सॉमिलच्या फाटकाशी आलो. आत सोल्या चालू झाला. त्याचा आवाज सुरुवातीला खोकल्यासारखा असतो, मग एकदम. तेव्हाच डोक्यात आलं की घरी कॉफीचं मशीन चालूच राहिलं. आग लागली तर रायली वर झोपलेली. जबाबदार माणसाने काय करावं? वळलो.

मशीन बंद होतं. पण हे घरी आल्याशिवाय कसं कळणार?

केक मी आणि रायलीने खाल्ला. ती म्हणाली, गोड कमी पडलं का रे? मी म्हटलं, नाही, अगदी बरोबर. ती म्हणाली, मग असं तोंड का केलंयस.

रेयोला फोन केला. आगीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, हं.

१९ मार्च, बुधवार

चेंडू. दाबा, सोडा. सिनिक्काने पुन्हा शेवटच्या खोलीचा विषय काढला. मी पुन्हा वाक्य टाकलं. ती म्हणाली, हे मागच्या वेळी म्हणाला होतास. म्हटलं, खरं वाक्य कितीही वेळा म्हणता येतं.

बाकावर आज ताउनो. लोडरवर असतो, ओंडके उचलून पट्ट्यावर घालतो, निवृत्तीला आलेला. मला बघून गाल धरला. म्हणाला, दात. मी म्हटलं, काळजी घे. बाहेर पडल्यावर आठवलं की ताउनोची कवळी आहे, वरचीही आणि खालचीही. कवळी दुखते का हे कुणाला तरी विचारायला हवं. एकूण पाळीची तब्येत ढासळत चालली आहे. इल्पोचं रक्तदाबाचं असावं. दोन बोटं जाऊन धडधाकट असा मी एकटाच.

२४ मार्च, सोमवार

दुसरा केक. मिक्सरच्या वेळी बटाटे. ठीक आहेत.

आज फाटकातून आत गेलो हे आधी नोंदवतो. म्हणजे प्रगती आहे. मिलमधल्या विश्रांतीच्या खोलीत कॉफीला सगळे बसले होते, कुणी काही बोललं नाही, फार बरं वाटलं. ताउनोने सरकून जागा दिली. इल्पोच्या हातात चहा होता. चहा! हा माणूस दिवसाला किटलीभर कॉफी प्यायचा, केबिनमध्येही कप सोडायचा नाही. पिशवीचा दोरा कपाबाहेर लोंबत होता. ज्याने कॉफी सोडली त्याचा कशावर भरवसा ठेवायचा?

मग केबिनचा लोखंडी जिना. पाच पायऱ्या चढलो आणि बूट जड झाले. नवे सुरक्षा बूट आहेत, कंपनीने दिलेले, पुढे पोलाद घातलेलं. पाय उचलेना. मान, पाठ सगळं घामाने भिजलं. हे बुटांमुळेच. पायरीवर बसून मी रेयोला बुटांच्या दर्जाबद्दल समजावून सांगितलं. पोलाद कुठलं वापरतात, त्याचं वजन किती, नॉर्वेत कसे हलके बूट मिळायचे. बराच वेळ बोललो. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, ताप आलाय तुला, घरी जा.

म्हणजे ताप. बूट आणि ताप.

केक घसरगाडीवरच राहिला होता. परतताना तळ्यावर दोन म्हातारे बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेले. त्यांना दिला. एकाने विचारलं, कसला आनंद? म्हटलं, कामावर परत गेलो. आज? हो. किती वाजलेत? अकरा. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मला एक गळ दिला. चार पर्च मासे मिळाले. मासेमारीचा धंदा गंभीरपणे विचारात घेण्यासारखा आहे. आवाज शून्य.

३० मार्च, रविवार

नवा ठराव. माणसाने एका जागी बसू नये, रक्त गोठतं. तळ्यावरून सरळ पश्चिमेला चालत गेलं तर कधीतरी नॉर्वे येतंच. निघालो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाव, देवमाशांवर ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक. पलीकडच्या काठावर टपरी लागली. तिथे भाजलेलं सॉसेज मिळतं. खाल्लं. टपरीवालीचा भाऊ लाप्लँडात माझ्याच स्की-लिफ्टवर होता असं निघालं. दोन तास तेच. मग बस मिळाली.

नॉर्वे कुठे पळून जात नाही.

७ एप्रिल, सोमवार

आज जायचं होतं. गेलो नाही. शेजाऱ्याने सकाळी सातला बर्फ उडवायचं यंत्र सुरू केलं. एप्रिलमध्ये! कसला माणूस आहे. तासभर चालू होतं, आणि माझा तास तळघरात गेला, कारण बटाट्यांची वर्गवारी कधीपासून करायची होती. मोठे इकडे, छोटे तिकडे. वर आलो तोवर पाळी सुरू होऊन गेलेली.

दुपारी पुन्हा खाली गेलो तर रायलीने तिथे एक खुर्ची आणि दिवा ठेवलेला. घोंगडीही. विचारलं, हे कशाला? म्हणाली, बटाट्यांना सोबत. पुढे म्हणाली, माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत या बटाट्यांकडे इतक्या वेळा बघितलं नाही जेवढं तू एका हिवाळ्यात बघितलंस.

घोंगडी चांगली आहे.

१६ एप्रिल, बुधवार

सिनिक्काशी आज भांडण झालं. ती म्हणाली, तानेली, मिलमध्ये गेलं की नक्की काय होतं? मी म्हटलं, बूट. ती म्हणाली, आणि फाटकाशी? कॉफीचं मशीन. आणि मिक्सर लावल्यावर? मी चेंडू टेबलावर ठेवला. म्हटलं, हे बघ, या जिल्ह्यात माझ्याहून जास्त बोटं गेलेली माणसं आहेत. सगळे लाकडं कापतात, मासे मारतात, लग्नं करतात, कुणी शेवटच्या खोलीत जाऊन रडत नाही. मीही जाणार नाही. लिहून घे. तिने लिहून घेतलं नाही. नुसती म्हणाली, तिथे रडावंच लागतं असं काही नाही. मऊ आवाजात नव्हे, साध्या. तो जास्त लागला.

जोरात दार लावून निघालो. दार आपोआप हळू बंद होणारं आहे, त्यामुळे परिणाम झाला नाही.

केंद्राच्या मागच्या गल्लीत पशुखाद्याच्या दुकानाशेजारी रेयोची गाडी उभी. आत तो नव्हता. रेयोकडे जनावर म्हणाल तर एक मांजर. बहुतेक शेत घेतोय. म्हणजे तोही सॉमिल सोडणार. म्हणजे मुकादमाची जागा रिकामी होणार. हा विचार घोळवत घरी आलो. मुकादमाला केबिनमध्ये बसावं लागत नाही.

१ मे, गुरुवार

ताईचा, म्हणजे मारितचा, ओउलूहून फोन. मी तिला महिनाभर सांगत आलोय की कामावर जातोय. तिची काळजी वाचते, माझा वेळ वाचतो. आजही सांगितलं, आत्ताच पाळीवरून आलो, दमलो, पण मस्त चाललंय, सोल्या लोण्यासारखा फिरतो. तिच्या मागून बँडचा आवाज येत होता, पोरं ओरडत होती, फुगे फुटत होते. मग म्हणाली, तानेली, आज एक मे आहे. अख्ख्या देशात आज कुत्रंसुद्धा कामावर नाही.

म्हटलं, खास पाळी होती.

ती म्हणाली, बरं. रडत होती बहुतेक. किंवा सर्दी. तिकडे अजून थंडी आहे.

ठराव: सोमवारी जायचं म्हणजे जायचं. नऊ तारीख चार दिवसांवर येईल तेव्हा. घाबरलोय म्हणून नाही थांबलो आजवर, कारणं होती, आणि ती सगळी खरी होती. आता कारणं संपली. मशीन मी आज उखडून कपाटात ठेवलं. बूट जुने घालणार. ताप नाही.

रायलीला केक सांगितला. नाही म्हणाली. पाळी भरून ये, मग तुझ्या डोक्याएवढा करते. विकतचा वेलदोड्याचा पाव नेतो.

५ मे, सोमवार

खुर्चीत बसलो.

हे वाक्य मुद्दाम एकटं लिहिलं. जिना चढलो, दार उघडलं, बसलो. तळं दिसत होतं. बर्फ काळा पडलाय, काठाला पाणी सुटलंय. इल्पो समोर त्याच्या केबिनमध्ये, पाठमोरा. रेयोने खालून हात केला. मी केला. डावाच केला, मुद्दाम.

सोल्या खोकला. पहिला ओंडका आला, गेला. दुसरा आला, गेला. तिसरा जरा तिरका आला. अडकला नाही, नुसता तिरका आला.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. पुढची आठवण म्हणजे जंगलातला रस्ता, दोन्हीकडे बर्चची झाडं, आणि मी चालतोय. चालतोय म्हणजे पळण्याच्या जवळपास. डोक्यावर हेल्मेट, कानावर आवाजबंद डबे. हवा छान होती हे खरं. व्यायामही झाला.

मागून रेयोची गाडी आली. काच खाली केली आणि माझ्या चालीने शेजारून हाकायला लागला. बराच वेळ. मी पुढे बघतोय, तो पुढे बघतोय. मी कानावरचे डबे काढले, त्याला काही बोलायचं असेल म्हणून. तो म्हणाला, हेल्मेट कंपनीचं आहे.

काढून दिलं. त्याने शेजारच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला. हेल्मेटला. मग म्हणाला, गुरुवारी सौना तापवतोय, पाळीनंतर. आणि निघून गेला.

अपघात झाल्यापासून मी सौनाच्या वाफेत बसलेलो नाही. त्वचेसाठी बरं नसतं म्हणून.

पाव कॉफीच्या टेबलावरच राहिला. खाल्ला असेल त्यांनी.

६ मे, मंगळवार

तळघर. आज कुठलंही यंत्र चालू नव्हतं. तरी.

८ मे, गुरुवार. संध्याकाळ, अजून लख्ख उजेड

गेलो. सांगून टाकायचं ठरवलं होतं. भाषण तयार केलं होतं, चालता चालता पाठ केलं: मित्रहो, सोमवारी जे झालं ते साखर कमी झाल्याने, मी नाश्ता केला नव्हता, हात उत्तम आहे, डोकं उत्तम आहे, उद्या शेवटचा दिवस, उद्या मी पाळी भरतो.

वरच्या फळीवर रेयो, ताउनो, इल्पो. मी कडेला, दाराशी. सगळे जन्मले तसे, त्यामुळे हात लपवायला जागा नाही. मांडीखाली घातला. उष्णतेने टोकं अशी झिणझिणतात की नसलेली बोटं मोजता यावीत.

सुरुवात केली. मित्रहो. ताउनो म्हणाला, बादली तुझ्याजवळ आहे, पाणी टाक. टाकलं. दगड फुसफुसले. वाफ कानाला चावली. जरा थांबून पुन्हा म्हटलं, सोमवारी जे झालं. रेयो म्हणाला, कमी पडली, आणखी टाक. टाकलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि इल्पो बोलला.

माझ्याशी नाही, भट्टीशी. म्हणाला, मी आधी कप खाली ठेवला.

तोच पुढे म्हणाला, त्या दिवशी. ओंडका फिरताना दिसला मला. तू आकडा घेऊन जाताना दिसलास. ओरडलो बहुतेक. बटणाकडे हात नेला तर हातात कॉफी. मी काय केलं, ती टेबलावर ठेवली. नीट. सांडू नये म्हणून. आणि मग बटण दाबलं. रोज तो कप खाली ठेवतो मी, म्हणाला. झोपेत ठेवतो, गाडी चालवताना ठेवतो. तुला दुकानात बघितलं की ठेवतो. पिल्वी म्हणते की तेवढ्याने काही फरक पडला नसता. ती कुठे होती तिथे?

मी विचारलं, कोण पिल्वी?

ताउनो खोकला. इल्पो म्हणाला, शेवटची खोली. बुधवारी. म्हटलं, तुझा रक्तदाब होता ना? म्हणाला, मी कधी असं म्हटलं? खरंच, त्याने नव्हतंच म्हटलं. मी ताउनोकडे बघितलं. तो म्हणाला, अरे, तुझा हातमोजा मी उचलला होता.

एवढंच म्हणाला. गाल धरला नाही.

रेयोला विचारायची गरज पडली नाही. तो म्हणाला, अँब्युलन्स गाठेपर्यंत तुला माझ्याच गाडीतून नेलं. वाटभर तू मासेमारीवर बोलत होतास, अगदी हसत. मागची सीट दोनदा बदलली मी. गाडी पशुखाद्याच्या दुकानापाशी लावायला सिनिक्कानेच सांगितलं, म्हणजे तुम्हा कुणाला दिसणार नाही.

ताउनो म्हणाला, मला दिसली होती. इल्पो म्हणाला, मलाही.

मी न सांगता आणखी पाणी टाकलं. मी इल्पोला विचारलं, कप भरलेला होता का? म्हणाला, अर्धा. मी म्हटलं, अर्ध्याच कपासाठी, लेका? भरलेला तरी ठेवायचा होतास!

ताउनोच्या घशातून कसलासा आवाज आला. आधी वाटलं छातीचं काही झालं. हसत होता. मग रेयो. रेयोला हसताना मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं, चांगलं दिसत नाही. इल्पो हसत होता की दुसरं काही, सांगता येत नाही. सौनात सगळ्यांचेच चेहरे ओले असतात, ही एक सोय आहे.

तेव्हा मी भाषण पूर्ण करायला तोंड उघडलं. साखर, नाश्ता, हात उत्तम, डोकं उत्तम. आणि तोंडातून आलं, मी तळघरात बसतो.

कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. फार बरं केलं. ताउनोने विचारलं, कितीक वेळ? म्हटलं, रायली जेवायला हाक मारेपर्यंत. रेयोने विचारलं, बसायला आहे का काही? म्हटलं, खुर्ची आहे. दिवाही. घोंगडी.

रेयो म्हणाला, हं.

इल्पो उठला, जाताना माझ्या डोक्यावर बादलीतलं उरलेलं गार पाणी ओतलं. जानेवारीपासूनचं आमचं पहिलं संभाषण. मीच जिंकलो म्हणायला हरकत नाही, आधी तो बोलला.

९ मे, शुक्रवार

पाळी भरली नाही. सकाळी फाटकापर्यंत गेलो, सोल्या खोकला, मी रेयोला सांगितलं, नाही जमत. कारण दिलं नाही. एकही सुचलं नाही.

खुर्चीवर कायानीचा पोरगा बसला. चांगला आहे बिचारा, मिशी येतेय. रेयोने त्याला पहिली गोष्ट सांगितली की ओंडका अडकला तर आधी यंत्र बंद, मग आकडा, आणि केबिनमध्ये कॉफी नाही. मला यार्डाच्या टोकाला काम दिलं, फळ्यांच्या थरांमध्ये पट्ट्या घालायच्या, वारा खेळावा म्हणून. तिथे सोल्या ऐकू येत नाही. तळंही दिसत नाही, मधे फळ्यांचा ढीग आहे. ढीग कमी होत जाईल तसं दिसेल. रेयो म्हणाला, शरदात बघू. मी म्हटलं, शरदाची वाट कशाला, दोन आठवड्यांत ठणठणीत होऊन येतो. तो काहीच म्हणाला नाही, ‘हं’सुद्धा नाही.

दुपारी आरोग्य केंद्राला फोन लावला. आधीच ठणकावलं की मला रडायचं नाही, नुसतं बोलायचं आहे, तेही थोडंच. येत्या बुधवारी येतो. दोनदा आलो तर पुरेल. बाई म्हणाली, पिल्वीची पहिली रिकामी वेळ वीस ऑगस्टला आहे.

म्हटलं, ऑगस्ट? एवढ्याशा गावात एवढे वेडे कुठून आले? ती म्हणाली, ते मला सांगता येत नाही.

मी आवाज चढवला. म्हटलं, बाई, माझी केस गंभीर आहे, सॉमिलमध्ये जानेवारीत हात गेला ना, तो माझा. ती मग म्हणाली, अय्या, म्हणजे ते तुम्ही!

विचारलं, मधे कुणी आलं नाही तर माझा नंबर लागेल का? ती म्हणाली, आशा ठेवू नका. सॉमिलची माणसं एकही बुधवार चुकवत नाहीत.

वीस ऑगस्ट लिहून घ्या म्हटलं.